फळ कोणी तोडायचं?

ऑक्टोबर लागला की नागपुरात सीताबर्डीवर सीताफळाच्या टोपल्या दिसू लागतात. मी फळ हातात घेतलं की आधी त्याचे डोळे बघतो. खवल्यांमधल्या खाचा रुंदावून पिवळसर झाल्या असतील तर ते दोन-तीन दिवसांत पिकतं. डोळे मिटलेलेच असतील तर फळ कच्चं तोडलेलं असतं; ते कडक राहतं, काळं पडतं आणि शेवटी फेकावं लागतं. मालकाच्या बागेतलं फळ सहसा इतक्या घाईने उतरत नाही. सगळ्यांच्या झाडाचं उतरतं. आज मी सोडलं तर उद्या दुसरा नेणार, हा हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात असतो.

माझं काम फळझाडांची रोपं तयार करण्याचं. गावाच्या पडीक जागेवर सामूहिक फळबाग लावायची म्हणून लोक येतात आणि विचारतात, वाण कोणतं, खड्डा केवढा. खड्ड्याचं मी दोन मिनिटांत सांगतो. मग माझा प्रश्न असतो : फळ कोणी तोडायचं, कधी, आणि पैसा कोणाच्या खात्यात? इथे बहुतेक बैठका शांत होतात.

अनेकांना संत्राच हवा असतो. नागपूरकरांना दुसरं सुचणार तरी काय! भोसले राजांनी औरंगाबादहून रोपं आणून याच सीताबर्डीच्या बागेत लावली, असं सांगतात. पण ती राजाची बाग होती, राखणीला माणसं होती. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेली कलमं लावायची, बहारासाठी नेमका ताण द्यायचा, डिंक्या रोगावर नजर ठेवायची, हे रोजचं काम. दहा जणांच्या झाडाकडे रोज बघणारा एकही नसतो. माझं मत स्पष्ट आहे, सामूहिक जागेवर संत्रा लावू नये. सीताफळ लावावं. ते बियांपासून येतं, मुरमाड उतारावर जगतं, आणि त्याच्या पाल्याला शेळीही तोंड लावत नाही. राखणीचा अर्धा खर्च तिथेच वाचतो.

अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरने हे करून दाखवलं. वनहक्क कायद्याखाली 2012 मध्ये गावाला सुमारे 192 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. उजाड टेकडीवर लोकांनी रोजगार हमीतून कामं केली, झाडं लावली, राखली. तिथलं सीताफळ ग्रामसभा स्वतः विकते, थेट मुंबईपर्यंत. 2014 मध्ये गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. पुरस्काराचं कौतुक आहेच, पण रोपं तयार करणारा म्हणून मला विक्री ग्रामसभेच्या हाती असणं जास्त मोलाचं वाटतं. विकणारा एकच असला की कच्चं तोडण्यात कोणाचाच फायदा उरत नाही.

सामाईक जागेचे हक्क लिहून ठेवणं आपल्या भागाला नवं नाही. मालगुजारीच्या, म्हणजे इथल्या जमीनदारीच्या, काळात निस्ताराचे हक्क, म्हणजे चराई, सरपण, पाणी, वाट, गावागावच्या कागदांत नोंदलेले असत. 1951 मध्ये मालगुजारी गेली. कागद राहिले, ते वाचणारे मात्र कमी झाले.

तेव्हा यंदा खाल्लेल्या चांगल्या सीताफळाच्या बिया सावलीत वाळवून ठेवा, पावसाळ्याच्या तोंडावर भिजवून पिशव्यांत लावा. तीन-चार वर्षांत फळ धरेल. तोवर ग्रामसभेच्या ठरावात तोडणीचा दिवस, वाटणी आणि दंड लिहून घ्या. झाडांची संख्या नंतर लिहिली तरी चालेल.