‘सिंगर’ नावाचं स्टेशन

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोहून लोकल गाडीत बसलं, की ड्रमरीच्या पुढचं स्टेशन लागतं ‘सिंगर’. पाटी वाचून आपल्याकडच्या बाईला हसूच येतं. शिवणाच्या मशीनचं नाव स्टेशनला! पण इथं क्लाइडबँकमध्ये १८८५ पासून सिंगर कंपनीचा प्रचंड कारखाना होता. त्याच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाची एकेक तबकडी २६ फूट रुंद. मनोरा १९६३ मध्ये पाडला, कारखाना १९८० मध्ये बंद झाला. आता तिथं ऑफिसं आणि गोदामं आहेत, मुद्दाम पाहावं असं काही उरलेलं नाही.

पण हिंदुस्थानात आलेल्या कितीतरी मशिनी इथल्याच. आपली कुठली हे ओळखणं सोपं आहे. मशीनच्या उजव्या बाजूला पट्टीवर नंबर असतो. त्याआधी एफ, जे, वाय यांपैकी अक्षर किंवा ‘ई’ने सुरू होणारी जोडी असेल, तर ती क्लाइडबँकची. ‘जी’ असेल तर अमेरिकेतली. मॉडेलच्या आकड्यापुढचा ‘के’ म्हणजे किलबोवी, कारखान्याची जागा.

कारखान्यातली किंवा शिंप्याची मशीन घरच्या मशीनपेक्षा वेगळी दिसते. ‘३१ के’ शिंप्याची. अंगानं दणकट, जाड कापडाला न डगमगणारी. ‘२९ के’ तर चांभाराची लाडकी! तिचा हात लांब, सडपातळ, बुटाच्या आत शिरेल असा. पायपट्टी चहूकडे फिरते, म्हणून बूट न वळवता हव्या त्या दिशेला टाका घालता येतो. या मशिनींची टेबलं सपाट, उघडी, राकट. घरच्या मशीनचं मात्र कपाट! मशीन आत दुमडायची, वर झाकण ओढायचं, आणि दिवाणखान्यात फुलदाणी ठेवायला जागा तयार.

ती कपाटं चमकवायच्या बायका या कारखान्यात होत्या. १९११ च्या मार्चमध्ये अशा बारा पॉलिशवाल्यांच्या कामाची फेरमांडणी झाली, कमी हातांवर जास्त काम पडलं. त्या उठल्या, आणि त्यांच्यामागे सुमारे ११,००० कामगार बाहेर पडले! संप एप्रिलमध्ये मोडला, आणि पुढे जवळजवळ ४०० जणांना कामावरून काढलं. मला तर त्या २६ फुटी घड्याळापेक्षा या बारा जणींचं अप्रूप जास्त वाटतं.

तेव्हा जुनं कपाट घरी असेल, तर त्या पॉलिशला जपा, बरं का. ओलं फडकं मुळीच नको, वरचा लाकडाचा पातळ पापुद्रा सुटतो. मशीनवरच्या सोनेरी नक्षीला स्पिरिट लावू नका. वरचं लाखेचं पॉलिश विरघळतं, मागोमाग नक्षीही जाते. मऊ सुती फडक्यावर मशीनच्या तेलाचे दोन थेंब घ्यावेत आणि हलक्या हातानं पुसावं. काळा मळ एका दिवसात निघत नाही. रोज थोडं थोडं करावं.