दारामागचा तुकडा

आमच्या घरी दार अडवायला पोलादाचा एक तुकडा होता. वीतभर लांब, मनगटाएवढा जाड. एक टोक करवतीने सपाट कापलेले, दुसरे तुटलेले. साखर कारखान्यातल्या रसाच्या पंपाचा तो शाफ्ट. वडील, म्हणजे आबा, त्या कारखान्यात ऑइलमन होते. खंडेनवमीला पाने-हातोड्यांच्या शेजारी पाटावर त्या तुकड्यालाही जागा मिळे. तुटलेल्या टोकाला आबा तेल चोळत. हळदकुंकू मात्र कापलेल्या बाजूला लावत. तुटलेली बाजू झाकायची नाही, असा त्यांचा दंडक होता. मी तो विक्षिप्तपणा समजत आलो.

ऑइलमन हा शब्द आमच्या साहित्याच्या वर्तुळात अपरिचित आहे. यंत्रांच्या बेअरिंगना तेल आणि ग्रीस देणे हे त्याचे काम. ते वाटते तितके किरकोळ नाही. टर्बाइनचा अवजड शाफ्ट बेअरिंगमध्ये टेकलेला दिसतो. पण वेगाने फिरू लागला की तो आपल्याखाली तेल ओढून घेतो आणि केसाहून पातळ थरावर तरंगत राहतो. १८८३ साली बोशाँ टॉवर या इंग्रज अभियंत्याने रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगला वरून तेल घालण्यासाठी भोक पाडले, तर चालत्या बेअरिंगमधून तेलच उलटे वर येऊ लागले. भोकात ठोकलेले बूचही त्या दाबाने बाहेर ढकलले गेले. सगळा भार तेल पेलत होते. १८८६ मध्ये ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. आबांना ही नावे ठाऊक नव्हती. ते एवढेच म्हणत, “लोखंड लोखंडाला लागू द्यायचं नाही.”

त्यांच्याकडे एक लोखंडी सळई असे. तिचे एक टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे, दुसरे कानाजवळच्या हाडावर. १९८६ च्या गाळप हंगामात त्या पंपाचा आवाज त्यांना बदललेला वाटला. पंपाचा वेग मिनिटाला सुमारे १४५० फेरे, म्हणजे सेकंदाला चोवीस. आबा भजनी मंडळात पेटी वाजवत. घरी येऊन आईला म्हणाले, “खालच्या सा बरोबर वरचा सा लागतोय.” लॉगबुकात त्यांनी लिहिले : ‘आवाज दुहेरी’. लागोपाठ तीन दिवस लिहिले. गाळप भरात होते. पंप थांबवायला कोणी राजी नव्हते. चौथ्या रात्री शाफ्ट तुटला.

चौकशीत निष्कर्ष निघाला की ग्रीस न मिळाल्याने बेअरिंग जाम झाले आणि शाफ्ट तुटला. आबांना खुलासा मागवण्यात आला. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, मराठी विषय घेऊन. खुलासा मीच लिहिला. ‘माझ्याकडून कर्तव्यात कसूर झाली असल्यास मी दिलगीर आहे.’ आबांनी वाक्य दोनदा वाचायला लावले. “असल्यास म्हणजे?” त्यांनी विचारले. मी समजावले, की या शब्दामुळे आपण कबूलही करत नाही आणि वादही घालत नाही. त्यांनी सही केली. कारखान्याने त्या वाक्यातला ‘असल्यास’ वाचलाच नाही. दोन वेतनवाढी रोखल्या गेल्या.

खरे सांगायचे तर अहवालावर माझाही विश्वास बसला होता. तो टंकलिखित होता, त्याखाली सह्या होत्या. आबांच्या बाजूला फक्त त्यांचा कान होता.

आबा गेल्यानंतर काही वर्षांनी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अभियांत्रिकीचे एक पुस्तक चाळताना तुटलेल्या आसाचे छायाचित्र दिसले, आणि मी दचकलो. आमच्या दारामागचाच तो तुकडा वाटला. मग मी वाचत गेलो. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणारी गाडी इंजिनाचा आस तुटून उलटली आणि पन्नासहून अधिक माणसे आगीत मेली. पुढच्याच वर्षी विशीतल्या विल्यम रँकिन यांनी असे तुटलेले आस तपासून दाखवले, की ते एका क्षणात तुटलेले नसतात. आसाची जाडी जिथे एकदम बदलते, त्या कोपऱ्यात भेग जन्मते आणि फेऱ्याफेऱ्याने आत सरकते.

ही भेग श्वास घेते, असे अभियंते म्हणतात. आडव्या शाफ्टवर भार असतो; त्यामुळे फिरताना भेग एका बाजूला उघडते, दुसऱ्या बाजूला मिटते. शाफ्टचा ताठपणा सगळ्या दिशांनी सारखा राहत नाही, आणि एका फेऱ्याला दोन कंप उमटू लागतात. दुप्पट कंपनसंख्या म्हणजे संगीतात वरच्या सप्तकातला तोच स्वर.

दुहेरी कंप केवळ भेगेमुळेच येतो असे नाही. पंप आणि मोटार एका रेषेत नसले तरी तो येतो. म्हणून एकट्या कानाची साक्ष पुरेशी नाही. पण तुकडा होता. त्या रात्री मी तो उजेडात धरला. चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून निघालेल्या, ओसरत्या लाटा वाळूवर सोडून जातात तशा वक्र रेषा अर्ध्याहून अधिक भागावर पसरल्या होत्या. पलीकडच्या कडेला तेवढा खडबडीत पट्टा. शेवटच्या क्षणी तुटला तो एवढाच. बेअरिंग जिथे बसत होते तो भाग गुळगुळीत होता. कोरडे बेअरिंग तापून जाम झाले असते तर तिथे पोलाद निळे-काळे पडले असते, ओरखडले असते. तसे काहीच नव्हते.

एवढी वर्षे ते टोक गंजू नये म्हणून आबा तेल लावत होते. त्यांना त्या रेषांचा अर्थ सांगता येत नव्हता. पण तिथे काही लिहिलेले आहे, एवढे त्यांना कळले होते. आणि त्यांच्या घरात वाचन हाच व्यवसाय असलेला एक माणूस रोज त्या तुकड्याला पायाने सरकवून दार उघडत होता.

कारखान्याला पत्र लिहावे असे मनात आले. मसुदाही केला. पण पत्र कोणाच्या नावे लिहायचे? चौकशीवर सह्या करणारे केव्हाच निवृत्त झाले, लॉगबुके रद्दीत गेली. मसुदा तसाच राहिला. त्यात ‘असल्यास’ हा शब्द कुठेही नाही.

आता दार अडवायला लाकडी गुटका आणला आहे. तुकडा माझ्या टेबलावर असतो, तुटलेली बाजू वर करून. खंडेनवमीला त्याला तेल मी लावतो.