बर्फ किती पडला, हे सांगतो कोण?

आमचा थोरला मुलगा हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स करून स्वित्झर्लंडमधल्या दावोस गावी एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात उमेदवारीला लागला, तेव्हापासून विहारात भेटणारा प्रत्येक जण आम्हा उभयतांना एकच विचारतो, "तिकडे बर्फ पडतो ना?" पडतो, असे सांगून आम्ही मोकळे होत असू. पण किती पडतो, कुठे पडतो आणि त्यात पोर सुखरूप आहे की नाही, हे समजायला एक अख्खा हिवाळा गेला. सुट्टीच्या दिवशी तोही इतर कामगार पोरांबरोबर पायाला स्कीच्या पट्ट्या बांधून डोंगरावर जातो. आईबापांनी बर्फाचे अंदाज वाचायला शिकण्याचे कारण एवढेच.

पहिली गोष्ट उंचीची. दावोस गाव सुमारे १,५६० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहून थोडेसेच खाली. तिथून डोंगरी रेल्वेने वर वाइसफ्लूयोखला गेले की उंची २,६०० मीटरच्या पुढे जाते. हजार मीटर वर चढले की हवा साधारण सहा अंशांनी गार होते. त्यामुळे गावात पाऊस आणि वर बर्फ, असे एकाच वेळी घडते. म्हणून अंदाजात सर्वांत आधी पाहायची ती हिमरेषा, म्हणजे कोणत्या उंचीच्या वर पावसाऐवजी बर्फ पडेल ती रेषा. 'उद्या दावोसला ३० सेंटिमीटर बर्फ' एवढेच वाक्य वाचून काही कळत नाही. कोणत्या उंचीवर, हे विचारावेच लागते. हिमरेषा २,००० मीटरवर असेल तर गावातल्या माणसाच्या वाट्याला नुसता चिखल येतो.

दुसरी गोष्ट सांगणाराची. स्कीच्या ठिकाणी रोपवे आणि पाळण्यांची तिकिटे विकणारी कंपनी असते आणि रोजचा 'बर्फ अहवाल' तीच देते. गावात किती थर, वर किती थर, ताजा किती पडला, किती उतरंडी खुल्या आहेत, हे त्यात असते. हा अहवाल कामाचा आहे, पण माल विकणाराच वजन करतो आहे, हे विसरता कामा नये. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिका-कॅनडातल्या स्की-ठिकाणांचे अहवाल सरकारी नोंदींशी ताडून पाहिले. २०१६ साली छापलेल्या त्यांच्या लेखात म्हटले आहे की ही ठिकाणे शनिवार-रविवारी २३ टक्के जास्त ताजा बर्फ पडल्याचे सांगत होती. सरकारी नोंदींत मात्र शनिवार-रविवारचा असा काहीच फरक नव्हता. ढगांना सुट्टीचा वार कुठून कळणार! पुढे डोंगरावरूनच लोक मोबाइलवर खरी स्थिती कळवू लागले, तेव्हा ही फुगवाफुगवी बरीच कमी झाली.

केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले होते की, येणारा प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, मग आम्ही कोणाचे ऐकावे? परंपरेने आले, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावरून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, अशी शिकवण त्यांना मिळाली. ती सुत्ते आपण विहारात ऐकतो. बर्फाच्या अहवालालाही ती तंतोतंत लागू पडते, हे आम्हाला दावोसमुळे कळले.

पारखायला साधन आहे. दावोसलाच हिमसंशोधनाची संस्था आहे. वाइसफ्लूयोखवर १९३६ पासून बर्फ मोजला जातो. हिवाळ्यात ही संस्था रोज संध्याकाळी ५ वाजता, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊला, हिमस्खलनाचा इशारा काढते. हिमस्खलन म्हणजे बर्फाची दरडच. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. पाच म्हणजे फार मोठा धोका, एक म्हणजे अल्प. आम्हाला वाटे, तीन म्हणजे मधला, म्हणजे बेताचा असेल. तसे नाही. स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनात जे मरतात त्यांतले जवळपास निम्मे तीन आकड्याच्या दिवशी मरतात. चार-पाचला माणूस घाबरून घरी बसतो, तीनला मात्र ऊन पडलेले असते, ताजा बर्फ मोह घालतो. आणि दहापैकी नऊ बळींच्या बाबतीत दरड त्यांच्या किंवा सोबत्यांच्याच वजनाने सुटलेली असते.

यात वाऱ्याचा हात मोठा. आकाशातून वीतभरच बर्फ पडला तरी वारा तो उचलून डोंगराच्या पाठीमागच्या खोलगटात पुरुषभर साठवतो. सरासरीचा आकडा तिथे फसवतो. म्हणून इशाऱ्यात नुसता आकडा नसतो, कोणत्या दिशेचा उतार आणि कोणत्या उंचीच्या वर, हेही असते. हा इशारा खुणा लावलेल्या उतरंडींच्या बाहेरच्या डोंगरासाठी आहे. आतल्या उतरंडींची जबाबदारी कंपनीची, आणि तिचे कामगार पहाटेच वर जाऊन सुरुंगाने धोक्याचा बर्फ पाडतात. पर्यटक चहा घेत असतो तेव्हा त्यांची अर्धी पाळी झालेली असते. त्यांचे नाव कोणत्याही अहवालात नसते.

कामगारांचा विषय निघाला म्हणून सांगतो. त्याच देशात माटमार्क येथे धरण बांधताना ३० ऑगस्ट १९६५ रोजी आलालिन हिमनदीचा कडा तुटला आणि खालच्या कामगारांच्या बराकींवर कोसळला. ८८ माणसे गेली, त्यांतले ५६ इटलीहून पोटासाठी आलेले. बराकी हिमनदीच्या ऐन तोंडाखाली बांधल्या होत्या. १९७२ साली सर्व १७ आरोपी सुटले आणि अपिलात कोर्टाचा निम्मा खर्च मृतांच्या नातेवाइकांवर घातला गेला. हे वाचले त्या रात्री आमच्या घरी कोणाला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाची आई फोनवर म्हणाली, "स्की राहू दे. तुझी खोली डोंगराच्या कोणत्या अंगाला आहे, ते आधी सांग." तिथे प्रत्येक गावाचा धोक्याचा नकाशा असतो. लाल भागात नवे घर बांधायला बंदी, निळ्यात अटी घालून परवानगी, पिवळ्यात धोका कमी, पांढरा मोकळा. मुलाने नगरपालिकेच्या कचेरीतून तो पाहून घेतला. त्याचे हॉटेल पांढऱ्या भागात आहे. कामगारांच्या खोल्या मागच्या गल्लीत, त्या निळ्यात. बांधताना डोंगराकडची भिंत जाड काँक्रीटची केली आहे आणि त्या बाजूला खिडकी नाही, असे त्याने कळवले. खिडकी नाही म्हणून खोली अंधारी आहे, अशी त्याची तक्रार पूर्वीपासून होती. ती त्याने आता बंद केली आहे.