कान्हेरीचा डोंगर : लेणी, कारवी आणि बिबट्या

मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या आपल्या समाजात कान्हेरीला न गेलेले घर विरळाच. बुद्धपौर्णिमेला किंवा सुट्टीच्या दिवशी डबे बांधून कुटुंबेच्या कुटुंबे बोरिवलीला उतरतात. तिसऱ्या लेण्यातील चैत्यस्तूपासमोर त्रिसरण-पंचशील होते, पडवीतल्या वीस फुटांहून उंच बुद्धमूर्तींपाशी फोटो निघतात, मुले पाण्याच्या टाक्यांत डोकावतात आणि ऊन उतरले की परतीची वाट धरली जाते. मुख्य दरवाजापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरचे जंगल लागते. ते मात्र आपण बसच्या खिडकीतूनच पाहतो. आमच्या मते लेण्यांइतकेच ते जंगलही आपल्या अभ्यासाचा विषय आहे, आणि हा लेख त्यासाठीच लिहीत आहोत.

सन २०२४ च्या भाद्रपदात आमचे मित्रमंडळ आणि वस्तीतील महिला मंडळ मिळून पंचवीस-तीस जण कान्हेरीला गेलो होतो. लेणी पाहायची होतीच, पण त्या वर्षी डोंगरावर कारवी फुलली होती, तीही पाहायची होती.

वर्षावास आणि हिरवे गवत

कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळ्या पाषाणाचा डोंगर. शंभरांहून अधिक लेणी येथे आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास खोदकाम सुरू झाले आणि पुढे हजारएक वर्षे भिक्खुसंघाचा वावर येथे राहिला. कल्याण, सोपारा येथील व्यापारी आणि उपासक-उपासिका यांनी लेणी व पाण्याच्या टाक्या दान दिल्याचे ब्राह्मी शिलालेख भिंतींवर आहेत. टाकीला तेथे ‘पोढी’ म्हटले आहे. बहुतेक लेण्यांजवळ स्वतंत्र टाकी, तिच्याकडे पाणी आणणारे पन्हळ आणि भिक्खूंना बसायला दगडी बाक आहे. एवढा मोठा संघ या डोंगरावर पावसाच्या पाण्यावर राहिला. पाणी कसे जपावे हे त्या लोकांना पक्के कळत होते.

लेणी का खोदली, याचे उत्तर आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे : वर्षावासासाठी. पण वर्षावास का सुरू झाला? विनयपिटकात त्याचे कारण दिले आहे. भिक्खू पावसाळ्यातही चारिका करीत. तेव्हा लोक कुरकुर करू लागले की, हे श्रमण हिरवे गवत तुडवतात आणि बारीकसारीक जीव पायाखाली मारतात. भगवंतांनी ती तक्रार रास्त मानली आणि तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. म्हणजे कोवळ्या गवताची आणि किड्यामुंग्यांची बाजू लोकांनी मांडली, ती ऐकून घेतली गेली, आणि त्यातून एक संस्था जन्माला आली. झाडझाडोरा तोडू नये, जीव असलेले पाणी गाळल्याशिवाय वापरू नये, असेही नियम विनयात आहेत.

पुढे सम्राट अशोकाने पाचव्या स्तंभलेखात मारू नयेत अशा प्राण्यांची यादीच कोरली. तीत पोपट-मैनेबरोबर वटवाघूळ आणि मुंगीही आहे. विनाकारण जंगल जाळू नये, हेही त्याच लेखात आहे. आपल्या बावीस प्रतिज्ञांतील तेरावी प्रतिज्ञा सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे. तेव्हा जंगलाचा विचार हा आपल्यासाठी बाहेरून आणलेला विषय नाही.

उंबराचे फूल

लेण्यांच्या वाटेवर एका उंबराखाली आम्ही शिदोरी सोडली. बऱ्याच दिवसांनी भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो, कारण उंबराला फूल आलेले कोणी पाहिलेले नसते. खरे म्हणजे आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या पोटातच ती बारीक फुले असतात. उंबर फोडले की आत चिलटासारखे किडे दिसतात आणि आपण ते ‘किडके’ म्हणून टाकून देतो. परंतु ते किडे नसते तर उंबराचे बीच धरले नसते.

उंबर, वड, पिंपळ या एकाच कुळातल्या झाडांना आपापली खास चिमुकली गांधीलमाशी असते. मादी फळाच्या तोंडाच्या बारीक छिद्रातून आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात, परत फिरणे नसते. अंगावर आणलेला पराग ती फुलांवर सांडते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. नवी पिढी आतच वाढते. बिनपंखाचे नर बाहेर जायची वाट कोरून देतात आणि नव्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या झाडाकडे उडतात. माशीवाचून झाडाला बी नाही आणि झाडावाचून माशीला घर नाही.

या झाडांची फळे वर्षाच्या निरनिराळ्या काळात पिकत राहतात. जंगलात इतर फळे नसतात तेव्हा तांबट, बुलबुल, हरियाल, वटवाघळे, माकडे यांचे पोट उंबर-पिंपळावर चालते. बिया त्यांच्या विष्ठेतून दूरवर पडतात. भिंतीच्या फटीत, लेण्याच्या कपारीत पिंपळ उगवतो तो यामुळेच. ज्या बोधिवृक्षाला आपण वंदन करतो, तो एका डोळ्यात न भरणाऱ्या माशीच्या आणि फळखाऊ पाखरांच्या आधाराने या देशभर पसरला आहे. विषारी फवाऱ्याने ती माशी संपली, तर पिंपळ लगेच मरणार नाही. तो उभा राहील, पण त्याला संतती राहणार नाही.

हे असल्याने ते आहे, हे नसेल तर तेही नाही, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार आपण धम्मवर्गात ऐकतो. तो एका उंबरात हातावर धरून पाहता येतो.

कारवीचे आठवे वर्ष

वरच्या लेण्यांकडे जाताना उतारावर जांभळी कारवी दिसू लागली. कारवी सात वर्षे नुसती पानांवर वाढते, आठव्या वर्षी सगळा डोंगर एकदम फुलतो, बी धरते आणि ती झुडपे मरून जातात. २००८, २०१६ आणि २०२४ साली येथे असा बहर आला, पुढचा २०३२ साली येईल. पायऱ्यांपाशी काकड्या विकणाऱ्या पाड्यावरच्या एका मावशींना आमच्या मंडळातील भगिनींनी विचारले, तर त्या म्हणाल्या, “बाई, आमच्या घराच्या भिंती याच्याच. फुलली का मधमाश्या येतात, मग मध. फूल कोणी तोडलं तर राग येतो आम्हाला.” कारवीच्या काठ्यांचा कूड करून त्यावर शेणमाती लिंपायची, ही इथल्या आदिवासींची घरे बांधायची रीत. पावसाळ्यात उतारावरची माती धरून ठेवण्याचे काम हीच कारवी करते. एका झुडपावर मधमाशी, माती आणि माणसाचे घर, तिघेही अवलंबून आहेत.

बिबट्या, कुत्रा आणि कचरा

सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या राष्ट्रीय उद्यानात पक्ष्यांच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत, आणि चहूबाजूंनी शहराने वेढलेल्या या जंगलात बिबट्या आहे. २०१५ च्या पाहणीत येथे व लगतच्या परिसरात ३५ बिबटे मोजले गेले. चितळ, सांबर, वानर हे त्याचे जंगलातले भक्ष्य. वानरे झाडावरून पाने टाकतात ती चितळे खातात आणि वानराने बिबट्या पाहून ओरड केली की चितळे सावध होतात. मात्र जंगलाच्या कडेला बिबट्याचे मोठे खाद्य म्हणजे भटकी कुत्री. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की, येथील बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्री खातात आणि त्यामुळे भोवतालच्या वस्त्यांतील कुत्रे चावण्याचे प्रकार कमी राहतात.

याची दुसरी बाजू आमच्या वस्त्यांतील लोकांना पाठ आहे. २००४ च्या जून महिन्यात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेकांचे प्राण गेले. मेली ती गरिबांची माणसे. पिंजरे लावून बिबटे पकडा आणि दूर सोडा, अशी मागणी झाली. पण विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात केलेल्या अभ्यासातून दिसले की, पकडलेले बिबटे अनोळखी रानात सोडले की तेथे माणसांवरचे हल्ले वाढतात. पुढे २०११ पासून वन विभागाने नागरिकांना बरोबर घेऊन जागृतीची मोहीम हाती घेतली.

त्यातून निघालेली गोष्ट साधी आहे. कचरा उचलला जात नाही तेथे कुत्री व डुकरे जमतात. कुत्री जमतात तेथे बिबट्या येतो. संडास नसतो तेथे बाई आणि पोर अंधारात उघड्यावर बसते, आणि बसलेले माणूस बिबट्याला लहान जनावरासारखे दिसते. म्हणजे नगरपालिकेची कचरागाडी, रस्त्यावरचा दिवा आणि संडास या गोष्टी माणसाच्या जिवाशी तर निगडित आहेतच, पण बिबट्याच्याही जिवाशी आहेत. आमच्या वस्तीसाठी संडास मागणारा कार्यकर्ता जंगलाचेही काम करीत असतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते इतकेच.

परस्परावलंबन म्हणजे चातुर्वर्ण्य नव्हे

येथे एक सावधगिरीचा शब्द सांगणे आम्हाला जरुरीचे वाटते. ‘निसर्गात प्रत्येकाचे काम ठरलेले आहे’ असे म्हणता म्हणता कोणी ‘समाजातही तसेच’ असे म्हणू लागतो. तेथे त्याला थांबवले पाहिजे.

गिधाडाचे उदाहरण घ्या. मेलेल्या जनावराचे मांस काही तासांत साफ करणारा हा पक्षी. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे १९९० च्या दशकापासून देशातील गिधाडे झपाट्याने मेली. काही जाती शंभरात एकदोनसुद्धा उरल्या नाहीत. २००६ साली गुरांसाठी ते औषध बंद झाले, तोवर फार उशीर झाला होता. मढी सडू लागली, भटकी कुत्री वाढली आणि पिसाळलेल्या कुत्र्यांचा धोका वाढला. एक पक्षी गेल्याने एवढे घडले.

आता आठवा, गावोगावी मेलेली ढोरे ओढण्याचे काम कोणावर लादले होते. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचा आणि स्वाभिमानाने जगण्याचा आदेश दिला, आणि आपल्या आजा-पणज्यांनी पोटाला चिमटा घेऊन तो पाळला. गिधाडाला ते काम त्याच्या चोचीने आणि जठराने दिले, माणसाला ते माणसाने लादले. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात ही श्रमांची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे. माणसाचे पोर कोणतेही काम शिकू शकते. म्हणून जंगलाकडून आपण जातीचा दाखला घ्यायचा नाही. एकाच्या नाशातून दुसऱ्याचाही नाश होतो, एवढाच धडा घ्यायचा.

जंगल कोणी वाचवायचे?

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने उद्यानाच्या हद्दीतील झोपड्या हटवण्याचा निर्णय झाला आणि हजारो संसार उघड्यावर आले. काहींना पुढे चांदिवलीला घरे मिळाली, तीही वर्षानुवर्षांच्या लढ्यानंतर. तेव्हापासून ‘पर्यावरण म्हणजे गरिबाला हाकलणे’ असा ग्रह आपल्यात झाला, आणि तो निराधार नाही. झोपडी हटते, पण जंगलाला लागून उंच इमारती उठतात, हे आपण डोळ्यांनी पाहतो.

तरीही आमचे म्हणणे असे की, जंगल गेले तर पहिला मार आपल्यालाच बसतो. विहार आणि तुळशी हे तलाव याच जंगलात आहेत आणि मुंबईच्या पिण्याच्या पाण्यात त्यांचा वाटा आहे. मिठी नदी विहार व पवई तलावांच्या सांडव्यातून निघते, दहिसर नदी तुळशीच्या बाजूने येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठीच्या काठावरच्या झोपड्या आणि चाळी बुडाल्या. डोंगरावरची झाडे आणि कारवी पाणी जिरवतात, धरून ठेवतात आणि सावकाश सोडतात. ती नसतील तर तेवढे पाणी एकदम खाली येणार आणि खाली आपण राहतो.

म्हणून दोन्ही मागण्या एकत्र मांडल्या पाहिजेत : जंगल राहिले पाहिजे, आणि त्याच्या कडेला राहणाऱ्या माणसाला पक्के घर, पाणी, दिवा व संडास मिळाला पाहिजे. पाड्यांवरच्या आदिवासींना जंगलाचे शत्रू न ठरवता त्याचे जाणकार मानले पाहिजे. यापैकी एकच मागणी धरणारा अर्धेच पाहतो.

कान्हेरीला जाणाऱ्या उपासक-उपासिकांना आमची विनंती आहे. सोमवारी उद्यान बंद असते, तो वार सोडून जावे. प्लास्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या परत घरी आणाव्यात. माकडांना खाऊ घालू नये, त्याने ती माणसावर झडप घालायला शिकतात. लेण्यांच्या भिंतींवर नावे कोरू नयेत. २०३२ साली कारवी फुलेल तेव्हा तिला हात लावू नये, तिचे बी मातीत पडू द्यावे. आणि आपल्या विहारातील बालसंस्कार वर्गाची एक सहल तरी अशी काढावी, जिच्यात मुलांना शिलालेखाबरोबर एक उंबर फोडून दाखवले जाईल. आज जे मूल दहा वर्षांचे आहे, ते पुढच्या बहराला जाणते झालेले असेल. तोवर हा डोंगर त्याच्यासाठी राखणे आपल्या हाती आहे.

जयभीम!