हुंकार

वेळणेश्वरला आम्ही दोघे पोहोचलो तेव्हा घरमालक काकांनी दोन खोल्या झाडून ठेवल्या होत्या. आम्हांला एकच हवी होती. "तुम्हीच दोनदा नोंद केलीत ना? साताऱ्याचं एक कुटुंब मी सकाळी परत पाठवलं," काका म्हणाले. दुसऱ्या खोलीचे भाडे आम्ही दिले. त्या कुटुंबाची सुट्टी मात्र भरून देता येण्याजोगी नव्हती.

झाले होते ते असे. चिपळूणच्या एसटी स्थानकात, जेमतेम रेंज असताना, अ‍ॅपमधले 'आरक्षण करा' हे बटण आम्ही दाबले. ते होते तसेच राहिले. दाबले गेले नसावे, असे समजून पुन्हा दाबले. पहिली मागणी वाटेतच होती. तिच्यामागून दुसरी निघाली.

लोककथा सांगणाऱ्याला श्रोत्याचा हुंकार लागतो, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. हुंकार म्हणजे होकार नव्हे. 'ऐकतो आहे' एवढाच त्याचा अर्थ. तो थांबला की सांगणारा अडखळतो, मागचे पुन्हा सांगतो. बटणावर फिरणारे लहानसे वर्तुळ म्हणजे हाच हुंकार. याकोब नील्सन यांनी १९९३ साली मांडलेली मर्यादा प्रसिद्ध आहे : ०.१ सेकंदात आलेले उत्तर तत्काळ वाटते, १ सेकंदापर्यंत विचाराचा धागा तुटत नाही, १० सेकंदांनंतर लक्ष उडते. म्हणून बोट लागताच बटणाने रूप बदलावे, 'आरक्षण होत आहे' असे म्हणावे आणि उत्तर येईपर्यंत दुसरा स्पर्श स्वीकारू नये. काम फसले तर तेही सांगावे. नुसतेच फिरत राहणारे वर्तुळ म्हणजे झोपेतला हुंकार. शिवाय पलीकडच्या यंत्रणेनेही एकच मागणी दोनदा आल्यास ती ओळखायला हवी.

बटणाला एवढे बोल लावल्यावर संध्याकाळी किनाऱ्यावर आम्हांला आमच्याच एका विद्यार्थिनीची आठवण झाली. प्रबंधिकेचे एकच प्रकरण तिने महिन्याभरात तीनदा पाठवले होते. आम्ही त्याला उतावीळपणा म्हटले होते. पोच मात्र एकदाही दिली नव्हती.

तिथूनच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिले : "प्रकरण मिळाले. वाचत आहोत. रविवारी कळवतो." संदेशाशेजारी घड्याळाचे चिन्ह बराच वेळ दिसत राहिले. या वेळी आम्ही दुसऱ्यांदा काही पाठवले नाही.