बाळंतिणीच्या खोलीतली ऊब

परभणी म्हटली की लोकांना आठवतो तो इथला उन्हाळा. पण थंडीही काही कमी नाही हो! २०१८ च्या डिसेंबरअखेर इथे पारा ५ अंशांच्याही खाली उतरला होता. अशाच एका कडक थंडीत माझी थोरली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

मागची दहा बाय दहाची खोली तिला दिली. सासूबाईंनी खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, दाराला जाड पडदा लावला आणि बाजेखाली कोळशाची शेगडी सरकवली. "ओल्या बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही," हा त्यांचा हुकूम. माझीही बाळंतपणं अशीच झालेली. मी काय बोलणार!

आठव्या दिवशी पहाटे मुलगी उठली ती डोकं धरूनच. "आई, मळमळायलंय गं, डोकं फुटायलंय." बाळही दूध ओढेना, नुसतं गुंगीत. डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर त्यांचा पहिला प्रश्न, "खोलीत कोळसा आहे का? आधी दोघांना बाहेर आणा आणि तसेच इकडे या." तिथे दोघांना प्राणवायू दिला, दिवसभर ठेवून घेतले. दैव बलवत्तर म्हणून दोघं सुखरूप घरी आली.

निखारा चांगला फुलला, धूर थांबला, म्हणजे धोका टळला असं आपण समजतो. तसं नसतं. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो आणि झोपलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही. सासूबाईंचं एकच म्हणणं, "आम्ही नाही का शेगडीवर दिवस काढले?" काढले खरे, पण ते माळवदाच्या घरात. तिथं छताला झरोका होता, दाराला बोट-बोट फटी होत्या. आता वर स्लॅब आणि खिडक्यांना घट्ट काचा. शेगडी तीच, घर मात्र बदललं!

मग विजेचा हीटर आणायचं ठरलं. दुकानात तीन तऱ्हा पाहिल्या. एक लालभडक कांडीचा. स्वस्त, पण ओढणी किंवा दुपट्याचं टोक लागलं की पेट घेणार. दुसरा पंख्याचा. खोली चटकन तापवतो, पण आवाज करतो आणि गरम झोत थेट अंगावर येतो. तिसरा तेल भरलेला, जाड पात्यांचा. किंमत जास्त, तापायलाही वेळ लागतो; पण उघडी तार नाही, लाल निखारा नाही आणि बंद केल्यावरही बराच वेळ ऊब टिकते. आतलं तेल जळत नाही, ते पुन्हा भरावंही लागत नाही. आम्ही तोच घेतला. घेताना आयएसआयची खूण, तापमान राखणारा थर्मोस्टॅट, जास्त तापल्यास आपोआप बंद होण्याची सोय आणि तीन पिनांचा प्लग, एवढं पाहून घ्या. आयएसआयच्या खुणेखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' या मोबाइलवरच्या अॅपमध्ये टाकून खरा-खोटा तपासता येतो.

घरी आणल्यावर मी उत्साहाने एक्स्टेन्शन बोर्डात प्लग खुपसला. तासाभरात प्लास्टिक जळल्याचा वास! वायरमन आला आणि हसला. म्हणाला, "काकू, हा २००० वॅटचा. जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. तुमचं साधं बटण ६ अँपिअरचं." त्याने १६ अँपिअरचा सॉकेट, जाड वायर आणि अर्थिंग करून दिलं. म्हणून सांगते, हीटरच्या आधी वायरमनला बोलवा. खर्चाचं म्हणाल, तर १००० वॅटवर तासाला १ युनिट. थर्मोस्टॅट असला की त्याहून कमी.

आता आमचा नेम असा. हीटर बाजेपासून तीन फूट लांब, त्यावर लंगोट वाळत घालायचे नाहीत, मोरीजवळ न्यायचा नाही. अंघोळीआधी खोली तापवून घ्यायची आणि झोपताना बंद. रात्री वाकळ पुरते. खिडकीची वरची झडप मात्र थोडी उघडी, कारण कोंदट हवा कुणालाच बरी नाही. बाळाच्या मानेला हात लावून पाहायचा. घाम आला असेल तर ऊब जास्त झाली.

सासूबाईंची शेगडी आम्ही मोडीत काढली नाही. ती अंगणात असते. ओव्याची पुरचुंडी तिथेच गरम करून त्या नातीचं अंग शेकतात. परवा शेजारची सूनबाई बाळंत झाली, तर काठी टेकत तिकडे गेल्या आणि दारातूनच विचारत्या झाल्या, "काय गं, खोलीत शेगडी तर नाही ना ठेवली?"