सातशे सत्त्याहत्तर

शुक्रवारी रात्री साडेनऊला बाबांचा फोन. साडेनऊ म्हणजे त्यांची गोळी घेऊन झोपायची वेळ, त्यामुळे उचलताना पोटात जरा धस्स झालं.

"अरे, कॉम्प्युटर म्हणतोय परवानगी नाही."

"कशाची?"

"माझंच फोल्डर उघडायची! माझं नाव लिहिलंय त्यावर आणि वर कुलपाचं चित्र काढलंय."

तर झालं असं होतं. साताऱ्याच्या घरच्या डेस्कटॉपवर मी २०२२ साली उबुंटू टाकलं होतं. यंदा दिवाळीत गेलो तेव्हा तो इतका रडत-रखडत चालत होता की नवीन एसएसडी बसवली, त्यावर २४.०४ टाकलं आणि जुनी हार्ड डिस्क आत तशीच ठेवून दिली. "बाबा, तुमचं सगळं जुन्या डिस्कवर आहे, लागेल तसं घ्या," असं सांगून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पुण्याला पळालो. बाबांचं बहुतेक सगळं हल्ली फोनवरच चालतं, त्यामुळे दीड महिना कुणी तिकडे फिरकलंच नाही.

आणि आता फिरकायची वेळ आली ती भलत्याच कामासाठी. आजोबांना जाऊन वर्ष होत आलं. शेताला वारस नोंद लावायची राहिली होती. सोमवारी तलाठ्याकडे जायचं ठरलेलं (२०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण आमच्याकडे तलाठी तो तलाठीच). मृत्यूच्या दाखल्याचं स्कॅन, प्रतिज्ञापत्राचा मसुदा, आत्याने मुंबईहून पाठवलेली कागदपत्रं, सगळं त्या कुलूपवाल्या फोल्डरमध्ये.

आता मी काय करायला हवं होतं? शांतपणे विचारायला हवं होतं की मालक म्हणून नाव कुणाचं दिसतंय. मी काय केलं? समोर जेवणाचं ताट होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी एक रिलीज होतं, आणि मी प्रत्येक कंटाळलेल्या इंजिनिअरला येणारा मंत्र फोनवर म्हणून दाखवला. "टर्मिनल उघडा. सुडो, स्पेस, चमॉड, स्पेस, डॅश कॅपिटल आर, स्पेस, सात सात सात, स्पेस, स्लॅश एमएनटी स्लॅश जुनी."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक फाईलला तीन जणांचे हक्क लिहिलेले असतात. मालकाचे, गटाचे आणि बाकी सगळ्या जगाचे. वाचणे म्हणजे ४, लिहिणे २, चालवणे १. बेरीज ७. तीन वेळा ७ म्हणजे मालकाला सगळं, गटाला सगळं आणि रस्त्यावरून जाणाऱ्यालाही सगळं. घराची किल्ली हरवली म्हणून दरवाजाच बिजागरीतून काढून ठेवण्यातला प्रकार.

बाबा एका बोटाने टाईप करतात. पासवर्ड टाकला, एंटर मारलं. बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "खूप ओळी येतायत. प्रोक, प्रोक असं काहीतरी. शेवटी म्हणतोय की एमएनटी स्लॅश जुनी असा फोल्डरच नाही."

माझा घास हातातच राहिला.

"बाबा, पहिल्या स्लॅशनंतर स्पेस दिलीत का?"

"तू प्रत्येक गोष्टीनंतर स्पेस म्हणत होतास ना!"

बरोबर आहे. मीच म्हणत होतो. एका स्पेसमुळे त्या आज्ञेचा अर्थ झाला: 'मुळापासून सगळ्या कॉम्प्युटरला ७७७ कर, आणि मग एमएनटी स्लॅश जुनी नावाच्या कशालातरी कर.' गंमत बघा, मुळापासून सगळं पुसायला निघालात तर हल्लीची आरएम आज्ञा अडून बसते. चमॉड मात्र अडत नाही. तिच्यासाठी मूळ म्हणजे अजून एक फोल्डर.

आणि याहून मोठी गंमत म्हणजे, बाबांचं काम झालं! 'जुनी' पण मुळाच्या आतच जोडलेली असल्यामुळे तिच्यातलंही सगळं सताड उघडलं. "उघडलं रे!" बाबा खुश. "दाखला सापडला. पेनड्राइव्हवर घेतो. झोप आता तू."

मी कसला झोपतोय. ७७७ इतकं लोकप्रिय का आहे ते त्या रात्री कळलं. ते काम करतं, हाच त्यातला धोका. सुडोचं उदाहरण घ्या. सुडोची फाईल रूटच्या मालकीची असते आणि तिच्यावर एक खास खूण असते, सेटयूआयडी नावाची. ती असली की चालवणारा कुणीही असो, प्रोग्राम चालतो मालकाच्या अधिकाराने. ही कल्पना डेनिस रिची यांची. त्यांनी १९७३ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७९ मध्ये ते मिळालं. नुसतं ७७७ केलं की फाईलवरची ती खूण पुसली जाते. म्हणजे बाबांनी सुडो वापरून सुडोलाच निवृत्त केलं होतं. आता अपडेट नाही, दुरुस्ती नाही, आणि पासवर्डांची फाईलसुद्धा कुणीही वाचावी, कुणीही लिहावी.

शनिवारी रिलीज उरकून (ते कसं उरकलं ते विचारू नका) दुपारी स्वारगेटहून एसटी पकडली. सोबत एक पेनड्राइव्ह.

घरी पोचल्यावर आईने चहा दिला आणि मी आधी जे करायला हवं होतं ते केलं. बाबांच्या लॉगिनमधून एलएस आज्ञा चालवली, एकदा नावांसकट आणि एकदा डॅश एल एन लावून, म्हणजे नावांऐवजी नुसते आकडे. आणि ट्यूब पेटली.

बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. त्यांना काय सांगायचं? सातबाऱ्याची भाषा त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते, म्हणून तिथूनच सुरुवात केली.

"बाबा, प्रत्येक फाईलचा एक उतारा असतो. त्याला आयनोड म्हणतात. त्यावर मालक लिहिलेला असतो, पण नावाने नाही, आकड्याने. आकडा कुणाचा ते दुसऱ्या वहीत बघायचं. २०२२ ला मी आधी माझं खातं उघडलं, मला १००० मिळाला. मग तुमचं, तुम्हाला १००१. दिवाळीत उलटं केलं. तुमचं आधी, माझं नंतर."

बाबा दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, "म्हणजे वही नवीन आली, उतारे जुनेच राहिले."

अगदी तेच! जुन्या डिस्कवरच्या त्यांच्या फोल्डरवर १००१ लिहिलेलं, आणि नव्या वहीत १००१ म्हणजे मी. माझ्यावर १०००, म्हणजे ते. कॉलेजपासूनची माझी सगळी खरडपट्टी दीड महिना बाबांच्या मालकीची होती आणि त्यांचे कागद माझ्या. बरं, उबुंटूने २०२१ च्या २१.०४ पासून नवीन होम फोल्डर बाकीच्यांना बंद ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे मालक बदलला की दार बंद. कॉम्प्युटर बिचारा नियमाप्रमाणेच वागत होता. अडचण हक्कांची नव्हती, मालकीची होती. चमॉडचं काम नव्हतंच, चोनचं होतं. म्हणजे फेरफाराचं. आणि फेरफार मालक स्वतः करू शकत नाही, लिनक्समध्येसुद्धा नाही. स्वतःची फाईल दुसऱ्याच्या नावावर करायलाही रूट लागतो.

"म्हणजे तलाठी," बाबा म्हणाले.

दुरुस्तीचं थोडक्यात सांगतो, कुणाला उपयोग झाला तर. मुळापासून ७७७ झालेली सिस्टीम एकेक फाईल करून सुधारत बसण्यात अर्थ नसतो. कुठल्या फाईलचे हक्क काय होते ते डोक्यात कुणाच्याच नसतं. एसएसडीवर दीड महिन्यात जमलेलं थोडंफार बाजूला काढलं, जुन्या डिस्कची केबल उपसली आणि सिस्टीम नव्याने टाकली. अर्ध्या तासाचं काम.

तिथे एक प्रश्न आला. खातं आधी कुणाचं उघडायचं? आधी माझं उघडलं असतं तर आकडे आपोआप जुळले असते आणि फेरफाराची गरजच पडली नसती. बाबांना तसं सांगितलं.

"मग तुझंच टाक की आधी."

पण मला ते टाकवेना. कॉम्प्युटर त्यांच्या घरात, वापरणार ते, आणि २०२२ पासून चाव्या माझ्या कमरेला. साधा प्रिंटर जोडायचा तर मला फोन. त्यांनी कधी तक्रार केली नाही म्हणून मला कधी दिसलं नाही. १००० बाबांना दिला. सुडोसकट.

मग जुनी डिस्क जोडली. दोघांची होम फोल्डरं सरळ होती, प्रत्येकावर एकेक चोन, डॅश कॅपिटल आर लावून. घोळ होता तो 'फोटो' फोल्डरचा. त्यात दोघांच्या फाईली मिसळलेल्या. सगळे १००० आधी १००१ केले तर सगळेच १००१ होणार, आणि कुणाचं काय ते कायमचं गेलं. पहिल्या सेमिस्टरला दोन व्हेरिएबलची अदलाबदल करायला तिसरं घ्यायला शिकवतात ना, तेच. चोनला 'फ्रॉम' सांगता येतं, की अमुक मालकाच्याच फाईली बदल. आधी १००० चे ५०००, मग १००१ चे १०००, शेवटी ५००० चे १००१.

मग ७७७ पुसायचं. फाईंडने फोल्डर वेगळी काढून त्यांना ७५०, फाईली वेगळ्या काढून त्यांना ६४०. (कॅपिटल एक्सची युक्ती इथे नुसती चालत नाही. चालवायचा हक्क आधीच असलेल्या फाईलला ती तो तसाच ठेवते, आणि ७७७ ने तो सगळ्यांनाच वाटलेला.) फोटोंसाठी 'घर' नावाचा गट केला आणि फोल्डरला २७७०. पुढचा २ असा की आत येणारी नवी फाईल आपोआप 'घर' गटाचीच होते.

चोन चालवताना मी डॅश व्ही लावलं होतं, म्हणजे प्रत्येक फाईलचं नाव पडद्यावर येतं. बाबांच्या फोल्डरमधली नावं सरकत होती. लाईटबिल, पेन्शन, दाखला, प्रतिज्ञापत्र. आणि मग एक ओळ: हक्कसोडपत्र_ताई.

बाबांची ताई म्हणजे आमची आत्या.

मी काही बोललो नाही. नाव वर सरकून गेलं. पण दोघांनी वाचलं होतं. त्या क्षणी मी रूट होतो. एक आज्ञा दिली असती तर फाईल उघडली असती, आणि दीड महिना तर उताऱ्यावर मालक म्हणून माझंच नाव होतं. उघडण्याचा अधिकार होता, हक्क नव्हता. हा फरक मी चार वर्षं नोकरीत लोकांना शिकवतोय आणि स्वतः पहिल्यांदा अनुभवला.

चहा गार झाला होता. बाबाच म्हणाले, "दिसलं ना? आजोबा गेल्यावर महिन्याभरात करून घेतलं होतं. सगळे म्हणाले, बहिणीची सही घेऊन टाका, नंतर कटकट नको. कायद्याने तिचा वाटा आमच्याइतकाच. सही तिनं दिलीही असती, विचारलंसुद्धा नसतं." थोडं थांबून म्हणाले, "म्हणूनच पाठवलं नाही."

आतून आई म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं." (आई हे कुठल्याही बाबतीत म्हणू शकते, पण या वेळी खरं असावं.)

"ही पुसायला कुणाची परवानगी लागते?" बाबांनी विचारलं.

हा प्रश्न मी मुलाखतीत विचारतो आणि निम्मे लोक चुकतात. फाईल पुसायला फाईलवर लिहायचा हक्क लागत नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्यावर लागतो. कारण पुसणं म्हणजे फोल्डरच्या यादीतलं एक नाव खोडणं.

"फोल्डरची. आणि फोल्डर आता तुमचं आहे."

मी उठलो, खुर्ची त्यांना दिली. त्यांनी एका बोटाने डिलीट दाबलं. मग कचऱ्याच्या डब्यात गेले आणि तिथूनही काढली.

सोमवारी दुपारी फोन आला. अर्ज दिला, तीन नावं टाकली. बाबा, काका, आत्या. आता नोटिशीचे पंधरा दिवस, कुणाची हरकत नसेल तर नोंद मंजूर. आत्याला कळवलं का विचारलं तर म्हणाले, "तिलाच घेऊन गेलो होतो. काल रात्रीच आली."

असो. तर मंडळी, 'परवानगी नाही' दिसलं की ७७७ च्या आधी एकदा एलएस डॅश एल एन करून बघा. दोन सेकंद लागतात. आणि फोनवर आज्ञा सांगताना 'स्पेस' हा शब्द जपून वापरा.

माझा पेनड्राइव्ह साताऱ्यालाच राहिलाय. बाबा म्हणतात, राहू दे, पुढच्या वेळी मीच टाकीन.